विश्लेषण : जलतरण तलाव एकाचा, ताप शेजाऱ्यांना?

पालघर, केळवे, बोईसर-तारापूर पट्ट्यात फार्महाऊस आणि बंगल्यांच्या आवारातील छोटे जलतरण तलाव आता नवलाईचे राहिलेले नाहीत. पावसाळ्यात या तलावांत बेडूक, डासांच्या अळ्या, कधी साप दिसतो आणि मालकाचा पहिला फोन औषध फवारणाऱ्याला जातो. खरी गरज असते ती पाण्याची निगा राखण्याची.

हे जीव येतात कशामुळे?

साचलेल्या पाण्यामुळे. जिल्ह्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पावसाच्या पाण्याने तलावातील क्लोरीन पातळ होते, पालापाचोळा पडतो, पंप बंद असला की शेवाळ धरते. तेथे बेडूक अंडी घालतात आणि बेडकांमागे दिवड येतो. हा पाणसाप चावरा असला तरी बिनविषारी आहे.

खरा धोका कोणता?

भीती सापाची वाटते, पण जास्त नुकसान डास करतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो. अनेक मालक मुंबईत राहतात आणि पावसाळ्यात फिरकतही नाहीत. डास मात्र राखणदाराच्या कुटुंबाला, शेजारच्या पाड्याला आणि कामगारांच्या खोल्यांत चावतात. त्यामुळे हा केवळ खासगी आवारातला प्रश्न राहत नाही.

तलाव रिकामा केला तर?

घाई नको. भर पावसात जमिनीखालील पाणी वर आलेले असते. रिकाम्या तलावाला ते खालून ढकलते आणि तळाला तडे जाऊ शकतात. त्यापेक्षा पाणी ठेवून रोज काही तास पंप चालवावा आणि वर जाळी टाकावी. तलाव वापरातच नसेल, तर क्लोरीन बंद करून गप्पी मासे सोडता येतात. मात्र ते ओढ्या-नाल्यात जाऊ देऊ नयेत; स्थानिक माशांना त्यांचा उपद्रव होतो.

जास्त क्लोरीन टाकून भागेल का?

नाही. पोहण्याच्या पाण्यात लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन आणि ७.२ ते ७.८ सामू पुरेसा असतो. गरम पाण्याच्या टबात क्लोरीन लवकर संपते आणि लिजिओनेला जिवाणू वाढू शकतो, म्हणून तेथे तपासणी अधिक वेळा हवी. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू सुटतो आणि त्याचा पहिला फटका तलाव धुणाऱ्या मजुराला बसतो.

जुने पाणी सोडायचे कुठे?

तारापूरच्या रासायनिक सांडपाण्याविरोधात येथील मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. कारखान्यांना जाब विचारणाऱ्या गावात क्लोरीनचे पाणी थेट नाल्यात सोडणे शोभत नाही. काही दिवस क्लोरीन बंद ठेवून पंप चालवावा, तपासणी पट्टीवर क्लोरीन शून्य दिसल्यावरच पाणी सोडावे.

साप दिसला तर?

काठी घेऊन धावू नये. सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दंश झालाच तर चिरा देणे, आवळून बांधणे किंवा भगताकडे जाणे टाळून थेट रुग्णालय गाठावे. मण्यारचा दंश अनेकदा दुखतही नाही, त्यामुळे वाट पाहणे जिवावर बेतते. पाण्यात पडलेल्या जिवांना बाहेर पडण्यासाठी कडेला तिरकी फळी लावली, तरी बेडूक आणि साप बरेचदा आपले आपण निघून जातात.

मग जबाबदारी कोणाची?

ग्रामपंचायती टायर, टाक्या आणि कुंड्यांतील अळ्या शोधतात. कुलूपबंद बंगल्याचे फाटक मात्र सहसा उघडले जात नाही. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक तलावाची नोंद आणि तपासणी व्हावी, पंप चालवण्यासाठी नेमलेल्या माणसाचे नाव मालकाने द्यावे. गरिबाच्या पिंपाला जो नियम लागू आहे, तो बंगल्यातल्या तलावालाही लागू व्हायला हवा.