झिजलेला गिअरबॉक्स आणि कर्जाचा हिशेब

म्हैसूरच्या वायव्येस सुमारे चाळीस किलोमीटरवर, कावेरीच्या काठी कृष्णराजनगर हे तालुक्याचे गाव आहे. चामराज कालव्यांचे पाणी या परिसरात खेळते, त्यामुळे नजर जाईल तिथपर्यंत भाताची खाचरे दिसतात. खाचरांमधल्या वाटा पावसाळ्यात चिखलाने भरतात आणि मळणीच्या दिवसांत गाडीच्या चाकोऱ्यांनी खोल होतात. येथून हुणसूरमार्गे पश्चिमेकडे निघाले की कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांचे घाट सुरू होतात. म्हैसूरच्या बाजाराला जायचे तर गुळगुळीत डांबरी रस्ता आहे. चिखल, घाट आणि डांबर या तिन्हींना एकाच आठवड्यात पुरे पडणारे वाहन म्हणजे जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप. चंदगड, आजरा किंवा सावंतवाडीकडील वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही.

अशी गाडी बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाच्या हाती असते. किती किलोमीटर धावली याचा भरवसाही नसतो, कारण जुन्या जीपच्या मीटरवर पाचच आकडे असत आणि ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यापासून मोजू लागे. लाख-दोन लाख किलोमीटर उलटले की एक दिवस गिअर टाकताना करकर ऐकू येते, चढावर दुसरा गिअर आपोआप सुटतो, आणि मालकाच्या मनात प्रश्न उभा राहतो : आता काय करायचे?

या प्रश्नाला समाजात दोन उत्तरे रूढ आहेत. पहिले, ‘विकून टाका, नवी घ्या, हप्ते बांधून घ्या.’ दुसरे, ‘तेल बदला, एवढी सुगी निघून जाईल.’ ही दोन्ही उत्तरे बहुतेक वेळा चुकीची असतात. सांगाडा धड असलेल्या गाडीचा झिजलेला गिअरबॉक्स हा दुरुस्तीचा विषय आहे, खरेदीचा नव्हे. मात्र ती दुरुस्ती वेळेवर आणि पुरती झाली पाहिजे. आणि वाहनखरेदीला उत्साहाने कर्ज देणाऱ्या बँकांनी या दुरुस्तीकडेही तितक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे.

प्रथम निदानाचा विचार करू, कारण पैसा सर्वाधिक वाया जातो तो येथेच. गिअर घासत पडतो म्हणजे गिअरबॉक्सच गेला असे नाही. क्लच पुरता सुटत नसेल, तरीही गिअर तसेच घासतात. एक साधी कसोटी कोणत्याही गॅरेजमध्ये, किंबहुना अंगणातही करता येते. गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवावे. गुणगुण ऐकू येत असेल आणि क्लच दाबताच ती थांबत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या आतील बेअरिंगमध्ये असण्याची शक्यता मोठी. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. आणि तो भाग गिअरबॉक्सच्या तुलनेत फारच स्वस्त असतो. त्यानंतर तेल काढून पाहावे. तेलात पितळेची बारीक चकाकी दिसली तर सिंक्रोनायझरच्या रिंगा झिजत आल्या आहेत. पोलादाचे तुकडे हाताला लागले तर दात किंवा बेअरिंग फुटले आहे आणि मग गाडी आणखी चालवणे धोक्याचे. तेल दुधासारखे पांढरट झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. ओढे आणि कालवे ओलांडणाऱ्या गाड्यांत हा प्रकार नेहमीचा, कारण तापलेला बॉक्स पाण्यात एकाएकी थंड झाला की हवेच्या नळीतून वा जुन्या सीलमधून पाणी आत ओढले जाते.

फोर व्हील ड्राइव्हच्या बाबतीत झिजेचे आणखी एक कारण असते, आणि त्यात दोष यंत्राचा नसून चालवणाऱ्याचा असतो. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. जुन्या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या आसांमधला हा फरक सामावून घेणारी यंत्रणा नसते. चिखलात चाक थोडे घसरते आणि ताण मोकळा होतो. डांबरावर चाक घसरत नाही, मग तो सगळा ताण शाफ्ट, ट्रान्सफर केस आणि गिअर यांच्या दातांवर साठत राहतो. खाचरातून बाहेर पडल्यावर पुढच्या चाकांचा दांडा सोडवायचा विसरून म्हैसूरपर्यंत जाणारा चालक दर फेरीला मालकाच्या खिशात हात घालत असतो. पुढे नवे टायर आणि मागे गुळगुळीत टायर अशी काटकसर करून चारही चाकांची ताकद वापरली, तर तेच नुकसान सरळ रस्त्यावरही होते. हे कारण दूर केल्याशिवाय नवा बॉक्स बसवणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे.

निदान पक्के झाले की पुढचा प्रश्न : जुनाच बॉक्स उघडून नवे भाग घालायचे, की दुसरा आणून बसवायचा? कुर्ल्याच्या किंवा बंगळुरूच्या शिवाजीनगरच्या जुन्या भागांच्या बाजारात, लष्कराच्या डिस्पोजलमध्ये तयार बॉक्स मिळतो. तो स्वस्त असतो, एका दिवसात बसतो, आणि मोह होतो. परंतु त्याच्या आत काय आहे हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. आपल्या बॉक्सचा इतिहास निदान आपल्याला माहीत असतो. त्याचे कवच तडकलेले नसेल आणि मुख्य दात शाबूत असतील, तर नवी बेअरिंगे, रिंगा आणि सील घालून तोच पुन्हा जोडणे अधिक शहाणपणाचे. कवच फुटले असेल, किंवा अनेक गिअर एकदम खराब झाले असतील, तर मात्र दुसरा बॉक्स घ्यावाच लागतो. आणि तोही बसवण्यापूर्वी उघडून, आत पाहून. न उघडता बसवलेला बॉक्स सहा महिन्यांत पुन्हा उतरवावा लागला, म्हणजे मजुरी दुप्पट आणि मनस्ताप वेगळाच.

मजुरीचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. गिअरबॉक्स खाली घ्यायचा तर शाफ्ट सोडवावे लागतात, ट्रान्सफर केस हलवावी लागते. जुन्या जीपमध्ये ती गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टने जखडलेली असते. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीत ती वेगळी असून मधल्या आखूड शाफ्टने जोडलेली असते. रचना कोणतीही असो, एवढा खटाटोप झाल्यावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाचे मागचे सील त्याच वेळी न बदलणे ही शुद्ध उधळपट्टी होय. पाठीला जोडलेल्या ट्रान्सफर केसमध्ये तर मधले सील झिजले की एका भागातले तेल दुसऱ्यात जाते. मग एकीकडे तेल ओसंडते आणि दुसरीकडे दात कोरडे फिरतात. अनुभवी मिस्त्री हे सारे सांगतो. मालकाला वाटते, तो बिल वाढवतो आहे.

आता आकडेमोड. पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गॅरेजचा अंदाज आणि आपल्या शाखेचा दर घालून ते पुन्हा मांडावेत. समजा, क्लच आणि ट्रान्सफर केससह पूर्ण कामाला ७५,००० रुपये लागतात आणि ते १२ टक्के दराने १८ महिन्यांसाठी कर्जाऊ घेतले. हप्ता सुमारे ४,५७४ रुपये येतो आणि एकूण व्याज साधारण ७,३०० रुपये. दुसरीकडे नव्या वाहनासाठी ८ लाख रुपये १० टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १७,००० रुपये आणि व्याज जवळजवळ २ लाख २० हजार रुपये. म्हणजे नव्या गाडीच्या केवळ व्याजात जुन्या गाडीचे असे संपूर्ण काम जवळपास तीन वेळा होते. नव्या गाडीचा विमा आणि पहिल्या वर्षातली घसरलेली किंमत हिशेबात धरलेलीच नाही.

यावर कोणी म्हणेल, ज्या गाडीची बाजारातली किंमत दीड लाख, तिच्यावर पाऊण लाख घालायचा? हा प्रश्न रास्त वाटतो, पण तो चुकीच्या जागी उभा राहून विचारलेला आहे. गाडी विकायची असेल तर बाजारभाव महत्त्वाचा; ती वापरायची असेल तर तिच्या जागी तेच काम करणारे साधन किती रुपयांना मिळेल, हे महत्त्वाचे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला महसुली खर्च आणि भांडवली खर्च यांतला भेद पहिल्या वर्षी शिकवला जातो. १९५६ मध्ये न्यू शॉरॉक स्पिनिंगच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी दुरुस्तीची जी कसोटी सांगितली, तिचा आशय असा की, जी मालमत्ता आधीपासून आहे ती टिकवण्यासाठी झालेला खर्च दुरुस्तीचा. ज्यातून नवी मालमत्ता किंवा नवा लाभ निर्माण होतो तो नव्हे. निकाल गिरणीच्या यंत्रांबद्दल आणि प्राप्तिकराबद्दल होता, तरी घरच्या हिशेबालाही ती कसोटी उत्तम लागू पडते. गिअरबॉक्स बदलल्याने नवी गाडी येत नाही. होती ती गाडी कामाला राहते.

केवळ वय पाहून वाहन मोडीत काढण्याची घाई किती निरर्थक असते, हे पाहायचे तर दार्जिलिंगकडे पाहावे. मानेभंज्यांगहून ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूकडे जाणाऱ्या दगडी चढावर १९५०च्या सुमाराच्या लँड रोव्हर गाड्यांनी अनेक दशके प्रवासी वाहून नेले. त्यांतील कित्येकांच्या पोटात मूळ इंजिनही उरले नव्हते.

अर्थात प्रत्येक जुन्या जीपवर असा जीव लावावा असे मुळीच नाही. सांगाडा गंजून जोडाशी फाटला असेल, तर गिअरबॉक्सवर एक रुपयाही घालू नये. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. नूतनीकरणाला वर्षभरच उरले असेल, तर गाडी त्या तपासणीत टिकेल का, हे गिअरबॉक्स उतरवण्याआधी विचारलेले बरे. नोंदणी पुस्तकात इंजिन आणि सांगाड्याचे क्रमांक असतात. त्याच जातीचा गिअरबॉक्स बसवल्याने ते बदलत नाहीत. परंतु त्या निमित्ताने इंजिनही बदलायचे म्हटले, तर परिवहन कार्यालयाची परवानगी आधी हवी.

राहता राहिला प्रश्न बँकेचा. जुन्या वाहनाला कर्ज देताना वाहनाचे वय आणि कर्जाची मुदत यांची बेरीज ठराविक वर्षांच्या आत असावी, असा दंडक बहुतेक बँकांत असतो. खरेदीसाठी तो योग्यच आहे. पण त्याच्या सवयीमुळे दुरुस्तीसाठी आलेला ग्राहकही ‘गाडी जुनी झाली’ असे ऐकून परत जातो, आणि मग तोच ग्राहक गरज नसताना नव्या गाडीचा अर्ज घेऊन येतो किंवा सावकाराच्या ओट्यावर बसतो. वस्तुतः शेतकऱ्यासाठी दार आधीच उघडलेले आहे. किसान क्रेडिट कार्डाच्या २०१२ च्या सुधारित योजनेत पीककर्जाच्या मर्यादेवर शेतीच्या साधनांची दुरुस्ती व देखभाल यांसाठी २० टक्के रक्कम धरण्याची तरतूद करण्यात आली. मर्यादेचा पायाभूत आकडा दोन लाख असेल, तर हे ४०,००० रुपये होतात. ट्रॅक्टर आणि पंप यांच्याबद्दल कोणी शंका घेत नाही. जी जीप वर्षभर भाताची पोती, खते आणि मजूर वाहते, तिला शेतीचे साधन मानण्यात मात्र काही अधिकारी कचरतात. ती केवळ लग्नकार्यालाच निघत असेल तर गोष्ट वेगळी. पण ती कुठे जाते, हे शेतावर एक फेरी मारली की कळते. ही फेरी अधिकाऱ्याने मारावी.

ग्राहकानेही रिकाम्या हाताने शाखेत येऊ नये. कृष्णराजनगरच्या एखाद्या भात पिकवणाऱ्याने मळणी सुरू होण्याच्या दोन महिने आधी बॉक्स उघडून घेतला, झिजलेल्या भागांची यादी आणि मजुरी वेगवेगळी दाखवणारा लेखी अंदाज घेतला, नोंदणी आणि विम्याची कागदपत्रे सोबत जोडली, तर शाखेतल्या कोणत्याही अधिकाऱ्याला त्यावर निर्णय घेता येईल. जानेवारीत चुंचनकट्ट्याची गुरांची जत्रा भरते, तेव्हा खाचरे मोकळी झालेली असतात आणि गाड्यांनाही उसंत मिळते. तोवर दुरुस्त बॉक्स हजारभर किलोमीटर धावलेला असेल. त्या वेळी तेल एकदा काढून, ते बोटांवर चोळून पाहावे आणि नवे भरावे.