साथीतील शिक्षक: कर्तव्य आणि संरक्षण

प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निधन पावल्या. त्याच वर्षी संमत झालेला साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या निमित्ताने महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला. सावित्रीबाईंचा त्याग स्वेच्छेचा होता. कोरोनाकाळात मात्र शिक्षकाचा त्याग शासनाने व समाजाने गृहीतच धरला, असे खेदाने म्हणावे लागते.

मीरा-भाईंदरचे उदाहरण घ्यावे. २०११ च्या जनगणनेनुसार आठ लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर दहिसर आणि भाईंदरची खाडी यांच्यामध्ये दाटीने वसले आहे व त्याची सारी भिस्त लोकलगाडीवर आहे. जून २०२० मध्ये अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी गाड्या सुरू झाल्या. प्रारंभी शिक्षक त्या यादीत नव्हते. जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले, तेव्हा आरोग्यसेवकांमागोमाग पोलीस, पालिका व महसूल कर्मचाऱ्यांचा क्रम लागला. शिक्षकांना सरसकट प्राधान्य नव्हते. शिक्षक दिनापूर्वी त्यांना लस द्यावी, असे केंद्राने राज्यांना कळविले ते ऑगस्ट २०२१ मध्ये. पण त्याआधीच राज्यात ठिकठिकाणी घरोघरच्या सर्वेक्षणाला शिक्षकच धाडले गेले होते. म्हणजे कामापुरते ते अत्यावश्यक आणि संरक्षणाच्या वेळी सामान्य नागरिक!

शिक्षकांना धोका कळत नव्हता असे नाही. त्यांची मुख्य भीती स्वतःच्या आजाराची नव्हती. दोन खोल्यांच्या घरात वृद्ध आईवडिलांपर्यंत आपणच रोग नेऊ, ही होती. विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांना याखेरीज दुसरीही धास्ती होती. पगारकपात सोसणाऱ्याला नोकरी जाण्याचे भय रोगाहून मोठे वाटावे, यात नवल नाही. अशा माणसाने ‘धोका पत्करला’ असे म्हणणे ही शब्दांची फसवणूक होय.

यातून शिक्षकांनी आपापल्या परीने वाट काढली. पालक कामावरून परतल्यावरच मुलांच्या हाती फोन पडे, म्हणून काहींचे वर्ग रात्री भरले. मास्क, सॅनिटायझर, नेटपॅक यांचा खर्च बहुधा स्वतःच्याच खिशातून झाला. या धडपडीचे कौतुक जरूर व्हावे. परंतु वैयक्तिक चिकाटी ही व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही.

कोविड कर्तव्यावर मृत्यू आल्यास ५० लाख रुपयांचे साहाय्य देण्याचा निर्णय राज्याने २०२० मध्ये घेतला, हे योग्यच झाले. तथापि मृत्यूनंतरची भरपाई म्हणजे संरक्षण नव्हे. पुढील साथीत शिक्षकाला कामाचा आदेश निघेल, तेव्हा त्याच कागदावर त्याचा प्रवास, त्याची लस आणि त्याच्या कुटुंबाची तरतूद नमूद असावी. ती नसेल तर असा आदेश काढण्याचा नैतिक अधिकार शासनाला उरत नाही.