वेडामागचा अभ्यास

व्हिडिओ गेमचं वेड म्हणजे वेळेची नासाडी, असं घरोघरी ऐकू येतं. आम्हाला त्यात चिकाटीचा अभ्यास दिसतो. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घ्या. त्यात बहुतेक टप्पे संपल्यावर पुढचा टप्पा दर २१ फ्रेमच्या ठोक्यालाच, म्हणजे साधारण एक तृतीयांश सेकंदाने, सुरू होऊ शकतो. चाहत्यांनी खेळ उलगडून हे शोधलं आणि पाच मिनिटांच्या आत तो संपवून दाखवला. व्यसनाची भीती खोटी नाही. झोप, शाळा बुडत असेल तिथे आवर घालायलाच हवा. पण ‘गेम्स डन क्विक’ या मदतनिधीसाठीच्या गेम-मेळाव्यांत असेच चाहते २०१० पासून वेगाने खेळून ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारख्या संस्थांसाठी निधी उभारत आलेत.

मोबाइलमुळे गेम मराठी घरांतही रुळलेत, म्हणून हा अंक चाहत्यांच्या बाजूने. तुमच्या घरातला चाहता काय शोधतोय, जरूर कळवा.