कोंबड्यांचा राखणदार

परसात मोकळी चरणारी कोंबडी म्हणजे गृहिणीचा हातखर्च. पण मुंगूस आणि रानमांजर तिच्यावर टपलेलीच असतात. धनगराचा कुत्रा मेंढरे राखतो, कारण लहानपणापासून तो त्यांच्यातच वाढतो. पाखरांनाही हीच रीत लागू पडते. ऑस्ट्रेलियातील मिडल बेटावर कोल्ह्यांमुळे २००५ साली दहा पेंग्विनही उरले नव्हते. एका कोंबडीपालकाच्या सूचनेवरून २००६ साली तेथे मारेम्मा जातीचे कुत्रे पहाऱ्यास नेले आणि पक्षी पुन्हा वाढले. २०१७ साली खराब हवेमुळे कुत्रे नेता आले नाहीत, तेव्हा कोल्ह्यांनी पुन्हा डाव साधला. म्हणून कुत्र्याचे पिलू कोंबड्यांतच वाढवा, त्यांच्यामागे धावू लागले तर तत्क्षणी आवरा. आणि कुत्रा कितीही इमानी असला, तरी तिन्हीसांजेला खुराड्याची कडी आपल्याच हाताने लावा.