मनमाड-इंदूर रेल्वे येणार; प्लॉट घेण्यापूर्वी काय तपासाल?

मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. खर्च १८ हजार ३६ कोटी रुपये. अशा मंजुरीनंतर शहराभोवतीच्या प्लॉटच्या जाहिराती खुणावू लागतात. निवृत्तीचा पैसा गुंतवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा.

जमीन : सातबारा कोणाच्या नावावर? जागा बिगरशेती आहे का? ती भूसंपादनात तर जात नाही ना?

महारेरा : ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर आठपेक्षा जास्त प्लॉट पाडल्यास नोंदणी बंधनकारक. नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

पाणी : वागदर्डी धरणावर विसंबलेल्या मनमाडने वर्षानुवर्षे टंचाई सोसली. रेल्वेमुळे भाव चढेल; वस्ती मात्र नळाला पाणी आल्यावरच होईल.