मेगाहर्ट्झचं काय लोणचं घालायचंय?

होस्टेलवर कन्सोलचा विषय निघाला की पाच मिनिटांत आकडे बाहेर पडतात. आमच्या मजल्यावर सध्या वर्गणी काढून एक कन्सोल घ्यायचं घाटतंय, त्यामुळे हे आकडे मी रोज मेसमध्ये जेवताना ऐकतो. एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ टेराफ्लॉप्सचा, पीएस५ साधारण १०.३ चा, म्हणजे एक्सबॉक्सच घ्यायचा, विषय संपला! मला हे अजिबात पटत नाही. दोन्ही नोव्हेंबर २०२० मध्ये आले आणि विक्रीत पुढे राहिला तो पीएस५. आपण इंजिनिअरिंगवाले स्पेसिफिकेशन शीट दिसली की हुरळून जातो. पण जुना इतिहास काढून बघा, नुसत्या ताकदीवर जिंकलेलं मशीन शोधूनही सापडणं कठीण आहे.

सेगाचं सॅटर्न घ्या. नोव्हेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आलं. आत हिताचीचे दोन एसएच-२ प्रोसेसर, प्रत्येकी २८.६ मेगाहर्ट्झचे, ग्राफिक्ससाठी दोन वेगळ्या चिप, आवाजासाठी आणखी वेगळी व्यवस्था. कागदावर एकदम भारी! दोन आठवड्यांच्या आत सोनीचं प्लेस्टेशन आलं, त्यात मुख्य प्रोसेसर एकच. आता ज्यांनी मायक्रोप्रोसेसरची ओरल दिली आहे त्यांना पुढची गंमत लगेच कळेल. सॅटर्नचे दोन्ही प्रोसेसर एकाच बसवर बसलेले. एक मेमरीशी बोलत असला की दुसरा हात बांधून उभा. त्यात इतर लोक त्रिकोणांनी थ्रीडी आकार बनवत असताना हे मशीन चौकोन काढणार. बाहेरच्या बऱ्याच प्रोग्रामर्सनी दुसऱ्या प्रोसेसरचा नादच सोडून दिला. मग तो असून उपयोग काय?

सोनीने काय केलं? सी भाषेत वापरता येतील अशा तयार लायब्ररी दिल्या. साध्या पीसीत कार्ड बसवून गेम लिहिता येईल असं डेव्हलपमेंट किट उपलब्ध केलं. आर्केडमध्ये सेगाशी स्पर्धा करणाऱ्या नामकोला बरोबर घेतलं, आणि पहिल्याच दिवशी 'रिज रेसर' दुकानात हजर. सेगाने मात्र मे १९९५ मध्ये अमेरिकेत कोणाला पत्ता न लागू देता सॅटर्न चार महिने आधीच विक्रीला काढलं. बाहेरच्या कंपन्या सप्टेंबरच्या हिशेबाने गेम बनवत होत्या, त्यांच्याकडे तेव्हा विकायला काहीच नाही! (सबमिशनची तारीख न सांगता अलीकडे आणली तर आपण काय करू, ते वेगळं सांगायला नको.) त्याच सुमारास सोनीने २९९ डॉलर किंमत जाहीर केली, सॅटर्न ३९९ ला होतं. म्हणजे किमतीचाही हात होता, हे मान्यच. शेवटी प्लेस्टेशन दहा कोटींवर गेलं आणि सॅटर्न एक कोटीसुद्धा गाठू शकलं नाही.

१९९६ च्या निन्टेन्डो ६४ ची गोष्ट थोडक्यात सांगतो. प्रोसेसर ९३.७५ मेगाहर्ट्झचा, प्लेस्टेशनच्या जवळजवळ तिप्पट. पण गेम कार्ट्रिजवर. सीडीवर ६५० एमबी मावायचे, कार्ट्रिजची कमाल ६४ एमबी, तीही महाग आणि निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची. स्क्वेअर कंपनीने 'फायनल फॅंटसी ७' उचलला आणि १९९७ मध्ये तीन सीड्यांवर प्लेस्टेशनला नेऊन दिला. तिप्पट वेग असलेलं मशीन विक्रीत एक तृतीयांशावर राहिलं.

यावर आमच्या मजल्यावरच्या एका मित्राचा प्रश्न असतो, आणि तो चांगला आहे. तो म्हणतो, डेव्हलपर गिऱ्हाईक असतं तिथे जातात, मग आधी कोंबडी की आधी अंडं? पीएस२ वर प्रोग्रामिंग करणं डोकेदुखी होती, एक्सबॉक्स जास्त ताकदवान आणि पीसीसारखा सोपा, तरी १५ कोटींच्या वर खपला तो पीएस२. खरं आहे. पण पीएस२ ची सुरुवात शून्यापासून नव्हती. त्यावर जुने प्लेस्टेशनचे गेम चालत, डीव्हीडी चाले, आणि पाच वर्षांत जोडलेले स्टुडिओ सोबत होतेच. सोनीला मात्र वाटलं की मशीन कितीही किचकट असलं तरी लोक मुकाट्याने शिकतील. २००६ चा पीएस३ त्याच गुर्मीतून आला असं माझं मत आहे. सेल प्रोसेसरच्या सात छोट्या कोअर, प्रत्येकीला फक्त २५६ केबी स्वतःची मेमरी, आणि डेटा आत-बाहेर नेण्याची हमाली प्रोग्रामरने करायची. वर किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. सुरुवातीला अनेक गेम एक्सबॉक्स ३६० वरच बरे चालायचे.

म्हणूनच पीएस४ च्या वेळी मार्क सर्नी आधी डेव्हलपर्सना विचारत फिरला. २०१३ मध्ये त्याने एक हिशेब मांडला होता : नव्या मशीनवर स्क्रीनवर काहीतरी दिसेपर्यंत किती वेळ जातो? पहिल्या प्लेस्टेशनला एक-दोन महिने, पीएस२ ला तीन ते सहा, पीएस३ ला सहा ते बारा, आणि पीएस४ ला परत एक-दोन. मला विचाराल तर टेराफ्लॉप्सऐवजी हा आकडा खोक्यावर छापायला हवा.

'वी'चं उदाहरण मात्र अवघड आहे. हार्डवेअर जुन्या गेमक्यूबच्या फार पुढे नव्हतं, बाहेरच्यांचे मोठे गेम दुसरीकडे, तरी खपले दहा कोटी. हात हलवून खेळायच्या रिमोटची ती जादू, आणि निन्टेन्डोचे स्वतःचे गेम. ही केस माझ्या बाजूची नाही आणि टेराफ्लॉप्सवाल्यांची तर मुळीच नाही. शिवाय जादू एकदाच चालली. २०१२ च्या वी यू कडे बाहेरच्या कंपन्यांनी पाठ फिरवली आणि गाडी दीड कोटीच्या आतच थांबली.

आपल्याकडचा पुरावा हवा असेल तर गल्लोगल्ली मिळणारा तो टीव्ही गेम आठवा, पिवळ्या कॅसेटवाला. आत १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल : २ केबी रॅम, १.७९ मेगाहर्ट्झ. आपल्या लॅबमधलं ८०८५ चं किटसुद्धा याहून जास्त क्लॉकवर चालतं राव! पीएस२ येऊन गेला तरी तो डबा जत्रेत आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विकला जात होता, कारण कॅसेटमध्ये मारिओ होता, काँट्रा होता. कोनामीला त्यातला एक रुपयाही मिळाला नसेल, पण डबा खपला तो त्यांच्या काँट्रावर.