गोळ्या मिळाल्या, समज मिळाली का?

आमच्या प्रतिनिधीकडून

चंद्रपूर/गडचिरोली : जंगलव्याप्त चंद्रपूर-गडचिरोली म्हटले की हिवताप, कुपोषण आणि सर्पदंश हीच नावे पुढे येतात. मात्र ‘सर्च’च्या संशोधकांनी गडचिरोलीतील ८६ गावांतील २०११ ते २०१३ या काळातील मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. सर्वाधिक, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताचे होते. पक्षाघाताचे मोठे कारण असलेला उच्च रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. त्यामुळे बरे वाटताच गोळ्या बंद होतात. उलट, सिकलसेलच्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल, तर वेदना नसतानाही ती घ्यावी लागते आणि नियमित रक्ततपासणीही करावी लागते.

हे समजावून सांगायचे कोणी? आरोग्य केंद्रात रुग्णाची शेवटची गाठ औषधांच्या खिडकीवर, औषध निर्माण अधिकाऱ्याशी पडते. औषध कशासाठी, किती दिवस, दुष्परिणाम कोणते, मात्रा चुकल्यास काय करावे, हे रुग्णाला सांगणे २०१५ च्या ‘फार्मसी प्रॅक्टिस’ नियमांनुसार नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे कर्तव्य आहे. मात्र मागे रांग आणि समोर माडिया किंवा गोंडी बोलणारा रुग्ण असला, की संवाद ‘सकाळी एक, रात्री एक’ एवढ्यावरच आटोपण्याची भीती असते.

या संवादाचे मोल परदेशात सिद्ध झाले आहे. लॉस एंजलिसमधील केशकर्तनालयांत औषधतज्ज्ञांनी कृष्णवर्णीय पुरुषांवर रक्तदाबाचे उपचार केले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. केवळ सल्ला मिळालेल्या गटात ही घट सुमारे ९ होती. अर्थात, तेथील औषधतज्ज्ञांना डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार औषध बदलण्याची मुभा होती. आपल्याकडे ती नाही. पण उरलेल्या गोळ्या मोजणे, न आलेल्या रुग्णाचे नाव आशा सेविकेला कळविणे, यासाठी वेगळ्या अधिकाराची गरज नाही.

रुग्ण समाधानी आहेत का, असे विचारल्यास बहुधा ‘हो’ हेच उत्तर येईल. कित्येक किलोमीटर पायपीट करून आलेल्याला औषध मिळाले, यातच समाधान असते. म्हणून प्रश्न बदलायला हवा. ही गोळी कशाची आणि ती थांबविल्यास काय होईल, हे रुग्णाला स्वतःच्या भाषेत सांगता येते का? त्याचे उत्तर ‘हो’ येईल, तेव्हाच ते समाधान खरे मानावे लागेल.